नागपूर म्हणजे यू-के-एक्स-आय-डब्ल्यू-जे

मंडळी, नागपुरात बर्डीवरच्या डीटीपीच्या दुकानात जरा वेळ थांबलात, तर ही तक्रार कानावर यायचीच: "दादा, घरी फाईल बरोबर दिसत होती. इथे नुसती एबीसीडी येऊन राहिली!" शिव्या खातो प्रिंटर. बिचारा! खरा आरोपी आहे टाइपरायटर.

१९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. कचेऱ्यांत हिंदी आणि मराठी दोन्ही चालायच्या. टायपिस्टांचे हात बसले ते रेमिंग्टनच्या कळफलकावर. कळा मोजक्या, त्यामुळे 'भ' दोन ठोक्यांत: आधी अर्धा भ, मग काना. पहिली वेलांटी तर अक्षराच्याही आधी.

१९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर ट्रूटाइप आलं. मग कृतिदेवसारख्या फॉन्टांनी हाच कळफलक उचलला आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले. टायपिस्ट खूश. पण पडद्यावर 'नागपूर' दिसलं, तरी फाईलच्या पोटात असतं यू-के-एक्स-आय-डब्ल्यू-जे. फॉन्ट म्हणजे नुसता मुखवटा. दुकानातल्या मशीनवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळलाच.

कधी कधी तर पडद्यावर सगळं ठीक आणि कागदावर कचरा! कारण प्रिंटरच्या पोटातही स्वतःचे फॉन्ट असतात. अ‍ॅपलचा १९८५ चा लेझररायटर १३ फॉन्ट घेऊन आला होता, त्यात देवनागरी एकही नाही. ड्रायव्हरने आपला फॉन्ट पाठवायच्या ऐवजी प्रिंटरमधला वापरला की झाला घोटाळा. अशा वेळी ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये 'ट्रूटाइप ग्राफिक्स म्हणून छापा' असा पर्याय असेल तर तो निवडा. त्याहून बरं म्हणजे घरूनच फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ न्या.

गंमत (की दुर्दैव?) बघा. इस्की हे भारतीय मानक झालं १९९१ मध्ये. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तीत देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेली. म्हणजे औषध आधी तयार होतं, रोग नंतर पसरला! विंडोजमध्ये युनिकोड मराठी यायला मात्र विंडोज २००० उजाडावं लागलं.

असो. प्रिंट एकदाची निघते हो. पण मधल्या काळात टाइप झालेले अर्ज, दावे, संस्थांचे ठराव, दिवाळी अंकांतल्या कथा यांचं काय? त्या फाईलींत 'विदर्भ' शोधा, सापडणार नाही. तो शब्द त्यात नाहीच मुळी. कन्व्हर्टर मिळतात, पण कृतिदेवमध्ये वेलांटी 'व'च्या आधी आणि रफार 'भ'च्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही बरोब्बर उलट. त्यात मधे एखादा खरा इंग्रजी शब्द असला, तर कन्व्हर्टर त्याचंही इमानदारीने 'मराठी' करून टाकतो. म्हणून जुनी फाईल बदलली की जुन्या प्रिंटशी ताडून बघा, निदान नावं आणि गावं तरी. आणि मूळ फाईल, तिचा फॉन्टसकट, फेकू नका.