मागच्या रांगेतला प्रश्न

शनिवारी शाळा सुटली, की मी गळ्यात स्कार्फ बांधून स्काउटमास्तर होतो. पगार नाही, नुसती हौस! परवा गाठी शिकवताना पोरांना इतिहास सांगितला. १९०७ साली बेडन-पॉवेलने ब्राउनसी बेटावर पहिली छावणी भरवली. दोन वर्षांत चळवळ हिंदुस्थानात आली, पण गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच. मग आपल्या पोरांसाठी श्रीराम बाजपेयींनी १९१३ साली शाहजहानपूरला पथक काढले. मद्रासेत ॲनी बेझंटबाईंनी वेगळी संघटनाच उभारली. बाई मोठ्या जिद्दीच्या! १९५० साली ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ झाली.

मागच्या रांगेतून प्रश्न आला, “गुरुजी, आपल्याला घेत नव्हते, मग त्यांचाच गणवेश का घालायचा?”

शिट्टी ओठांशी नेली. वाजवली मात्र नाही. त्याच्याशेजारी मांडी घालून बसलो.