चिखल्याचा गोंड : माणूस यादीत, भूमी यादीबाहेर

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखल्याचे नाव निघते ते मँगनीजच्या खाणीमुळे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ब्रिटिश भांडवलाने या पट्ट्यातले मँगनीज उपसले. १९६२ मध्ये सरकारी भागीदारीची 'मॉयल' कंपनी निघाली. १९७७ मध्ये ती संपूर्ण सरकारी झाली. खाणीचा इतिहास असा तारीखवार सापडतो. प्रश्न असा की, येथल्या गोंडांचा इतिहास कोणत्या कागदात शोधायचा?

मी तो अनुसूचीत शोधला आणि हाती नकार आला. १९५० च्या आदेशाने गोंड अनुसूचित जमात ठरले. पण जुन्या मध्यप्रदेशात ठराविक तहसिलींपुरतेच. मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर त्यांत होते; भंडाऱ्याची एकही तहसील नव्हती. म्हणजे गडचिरोलीचा गोंड आदिवासी आणि तुमसरचा त्याचा भाऊबंद कायद्याने आदिवासी नव्हे! हे क्षेत्रबंधन १९७६ च्या कायद्याने उठले.

माणूस यादीत आला. भूमी आली नाही. भंडारा जिल्हा आजही पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्राबाहेर आहे. म्हणून ग्रामसभेला विशेष अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा येथे लागू नाही.

उरतो २००६ चा वनहक्क कायदा. तो अनुसूचित क्षेत्राची अट घालत नाही. दावा ग्रामसभेपुढे मांडायचा. पुराव्यांमध्ये वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही धरले जाते.

चळवळीतल्या मित्रांना माझे सांगणे एवढेच : अशा गावी जाताना वही न्या, म्हाताऱ्यांचे बोल लिहून घ्या. तोच इतिहास आहे आणि तोच पुरावा.