विश्रामबागवाडा ते इनामगाव : डेक्कन कॉलेजची वाटचाल

पुण्याच्या विश्रामबागवाड्यात 1821 मध्ये हिंदू कॉलेज सुरू झाले. पेशवाईतल्या दक्षिणा निधीतून त्याचा खर्च चाले. 1851 मध्ये त्याचे पूना कॉलेज झाले आणि 1864 मध्ये डेक्कन कॉलेज. टिळक, आगरकर इथेच शिकले. 1934 मध्ये सरकारने कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले, चिवटपणे लढले आणि 1939 मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून त्याचे दरवाजे पुन्हा उघडले.

या दुसऱ्या पर्वात एकाच आवारात भाषाशास्त्रात कत्रे, पुरातत्त्वात सांकळिया, समाजशास्त्रात इरावती कर्वे आणि मराठ्यांच्या इतिहासात शेजवलकर काम करू लागले. साताऱ्याहून पारसनिसांचा ऐतिहासिक संग्रह आला. 1945-46 मध्ये कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर सातवाहनांपासून बहामनी काळापर्यंतचे थर मोकळे झाले. मध्ययुग कागदपत्रांइतकेच मातीतही वाचता येते, हे त्यातून दिसले.

अनेक शाखांनी एकत्र काम करण्याच्या या पद्धतीचा कस लागला तो शिरूर तालुक्यात. घोड नदीकाठच्या ताम्रपाषाणयुगीन इनामगावात 1968 पासून 1983 पर्यंत संस्थेने हंगामामागून हंगाम उत्खनन केले. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी यांच्याबरोबर वनस्पती, प्राण्यांची हाडे आणि मानवी सांगाडे यांचे अभ्यासकही कामाला होते. एका घराच्या अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा रांजण सापडला. त्यात बसवलेल्या स्थितीत प्रौढ पुरुषाचा सांगाडा होता. इतर प्रौढांना पुरताना घोट्याखालून पाय तोडलेले, याचे मात्र शाबूत. हा गावचा प्रमुख असावा, हे अनुमान घराची जागा, रांजणाची घडण आणि हाडे एकत्र पाहिली म्हणूनच करता आले. पुढच्या काळात चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकार वाढली. अभ्यासकांनी त्याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला.

1990 मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पण अनेक शाखा एकत्र आणण्याची ही दृष्टी एम.ए.पर्यंत थांबायचे कारण नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने पदवीच्या विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचे विषय घेण्याची वाट मोकळी केली आहे. आणि अशा अभ्यासासाठी मध्ययुग आपल्या शिरूर-दौंडच्या दारातच आहे. यवतजवळ यादवकालीन भुलेश्वर आहे, दौंडच्या बाजूने भीमा ओलांडली की पेडगावचा बहादूरगड. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला संभाजी महाराजांची समाधी आणि पाबळला मस्तानीची कबर आहे.

शिरूर-दौंडच्या प्राध्यापकांना कळकळीची विनंती आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोडी शिकवा, भूगोलाच्या विद्यार्थ्याकडून नदीचे जुने पात्र शोधून घ्या, भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला देवळाचा दगड पाहायला लावा, मराठीच्या विद्यार्थ्याकडून गावच्या ओव्या उतरवून घ्या. मग चौघांना एका गावावर एकच प्रकल्प द्या. इनामगावने धडा घालून दिला आहे. तो पदवीच्या पहिल्या वर्षापासून गिरवायला हवा.