श्यामची आई, पुन्हा एकदा

मे महिना, 1978. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरातून तू बाहेर पडतोस. हे वाचनालय 1850 पासूनचं आहे, पण त्याचं तुला काय! हातात 'श्यामची आई' आहे आणि महाद्वार रोडच्या गर्दीत चालता चालताच तू पान उलटतोस.

पोहण्याची गोष्ट येते. श्याम पाण्याला भिऊन लपतो, आई शिंपटीनं मारत त्याला विहिरीकडे धाडते. दुसऱ्या दिवशी पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून तू उभा असतोस. मामा मागून ओरडतो, "मार की उडी! भितोस काय लेका?" नाकात पाणी, कानात दडे, पायाखाली काहीच नाही. वर येतोस, खोकतोस आणि लगेच दुसऱ्या उडीसाठी पायऱ्या चढतोस.

आता तुझी पन्नाशी उलटली आहे. पुस्तक तेच आहे, पण या खेपेला विहीर झटकन मागं पडते आणि तू पालगडला श्यामच्या घराच्या ओटीवर जाऊन पोचतोस. सावकाराचा वसुलीचा माणूस बसला आहे. तो नाही नाही ते बोलतो. मग आई पुढं येते आणि त्याला ओटीवरून उठवते. घराच्या हप्त्यांनी तुझीही झोप उडवलेली आहे, म्हणून तिचा एकेक शब्द आता तुला लागतो. लहानपणी ही पानं तू भराभर ओलांडली होतीस. पुढं जप्तीची दवंडी पिटली जाते आणि ढोलाचा आवाज तिच्या घरात शिरतो. मुलाला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून शिंपटी उचलणारी हीच ती बाई.

आणखी मागं जा. नाशिकचा तुरुंग, फेब्रुवारी 1933. तेहतीस वर्षांचे साने गुरुजी हेच पुस्तक भराभर लिहीत आहेत. 9 तारखेला हाती घेतलेलं लिखाण 13 तारखेला थांबतं. त्यांची आई 1917 मध्येच गेली, शेवटी तिच्याजवळ नव्हतो ही बोच त्यांना आहे. या पुस्तकाला नुसतं रडवणारं म्हणणाऱ्यांनी कर्जाची प्रकरणं पुन्हा वाचावीत. गरिबी माणसाची अब्रू कशी खाते, ते इतकं स्वच्छ मराठीत फार थोड्यांनी लिहिलं आहे.

संध्याकाळी तू नातीला वाचून दाखवतोस आणि एकही पान गाळत नाहीस. ती मध्येच थांबवते, "आबा, जप्ती म्हणजे काय?"

पुस्तक मांडीवर पालथं घालून तू सांगायला लागतोस.