फिरत्या जाळीची कुळकथा

घरातलं कालचं वर्तमानपत्र घ्या आणि वरून खाली फाडा. कॉलमच्या कडेने ते सरळ फाटत जातं. आता तेच पान आडवं फाडून बघा. फाट वेडीवाकडी जाते, मनासारखी वळत नाही. कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला निजलेले असतात म्हणून असं होतं, आणि ते तसे निजतात कारण हा कागद धावत्या जाळीवर जन्मलेला असतो. हातकागद कसाही फाडला तरी फारसा फरक पडत नाही. जाळी धावू लागली ती अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी, पॅरिसच्या दक्षिणेला एसॉन इथल्या गिरणीत. त्याआधी सुमारे सतराशे वर्षं जगातला एकूण एक कागद कुणीतरी आपल्या दोन हातांनी पाण्यातून वर काढलेला होता.

हे हात काय करत होते ते नीट पाहिल्याशिवाय यंत्र कळत नाही. युरोपातल्या गिरणीत लगद्याच्या एका हौदाभोवती तीन माणसं असत. पहिला कारागीर पितळी तारांची जाळी बसवलेला लाकडी साचा हौदात बुडवी. साच्यावर एक सुटी चौकट असे, तिला म्हणत डेकल. लगदा बाहेर ओघळू नये आणि कागदाची कड ठरावी, एवढंच तिचं काम. साचा वर येताच पाणी जाळीतून गळू लागे, आणि तेवढ्या चार-दोन क्षणांत कारागीर साच्याला पुढे-मागे आणि मग डावी-उजवीकडे हिसका देई. या हिसक्याने तंतू एकमेकांत अडकत. तो उशिरा दिला तर उपयोग नाही, कारण तोवर लगदा बसलेला असतो. पृष्ठभागावरची ओली चकाकी गेली की तो डेकल काढून साचा दुसऱ्याकडे सरकवी. दुसरा साचा उपडा करून ओला कागद लोकरीच्या फेल्टवर उतरवी. कागद, फेल्ट, कागद, फेल्ट अशी चळत दाबयंत्राखाली जाई. तिसरा माणूस दाबलेले कागद एकेक करून सोडवी आणि मग ते माळ्यावर वाळत टाकले जात.

आपल्याकडे जुन्नरला, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात, पुण्याच्या कसबा पेठेतल्या कागदीपुऱ्यात जो कागद होई, त्याची रीत वेगळी होती. साच्यावर तारांऐवजी गवताच्या काड्यांची बारीक चटई. फेल्टचा पसारा नाही, ओला कागद थेट ओल्या कागदावर निजवायचा. कसबही वेगळं होतं, पण हात तितकेच लागत.

एसॉनच्या गिरणीत कामगारांवर देखरेख करणारा लुई-निकोला रोबेर हा १७६१ साली पॅरिसमध्ये जन्मलेला माणूस. तरुणपणी सैन्यात गेला, अमेरिकेतल्या युद्धातही होता, परतल्यावर दिदो या प्रसिद्ध मुद्रक-प्रकाशक घराण्याकडे नोकरीला लागला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरचा काळ होता. कागदाची मागणी वाढली होती, आणि हौदावरचे कारागीर आपल्या कसबाची किंमत ओळखून होते. मालकाशी आणि आपसातही सतत खटके उडत. रोज ही भांडणं मिटवायची रोबेरची पाळी. माणसांवाचून कागद करता येईल का, हा विचार त्याच्या डोक्यात तिथे आला. यंत्राचा जन्म कारागिरांना बाजूला सारण्याच्या इच्छेतून झाला, ही गोष्ट या इतिहासात लपवू नये. त्याचबरोबर हेही खरं, की कारागिरांचे हात रोबेरइतके बारकाईने त्याआधी कुणी पाहिले नव्हते.

त्याची खरी कल्पकता एका गोष्टीत आहे. साचा बुडवायचा, उचलायचा, उपडा करायचा, परत आणायचा, या येरझाऱ्याच त्याने मोडून काढल्या. तारेच्या जाळीची दोन टोकं जोडून तिचा पट्टा केला आणि तो रुळांवर फिरता ठेवला. म्हणजे साच्याला अंतच उरला नाही. खालच्या टाकीतला लगदा एक फिरता पिंप उचलून जाळीवर ओती, माणूस हाताने दांडा फिरवी, जाळी पुढे सरके, तिला आडवा हिसकाही बसे, आणि शेवटी रुळांमध्ये पिळून निघालेला ओला कागद गुंडाळला जाई. साच्याच्या मापापुरताच निघणारा कागद आता १२ ते १५ मीटर लांब निघू लागला. रोबेरने १७९८ मध्ये अर्ज केला आणि १८ जानेवारी १७९९ ला त्याला १५ वर्षांचं पेटंट मिळालं.

यापुढची कथा पैशाची आहे. रोबेरचा मालक साँ-लेजे दिदो याने पेटंट हप्त्यांनी विकत घ्यायचं ठरवलं आणि हप्ते थकवले. रोबेरने कोर्टकज्जे करून हक्क परत मिळवला, तोवर यंत्र इंग्लिश खाडी ओलांडून गेलं होतं. दिदोचा इंग्रज मेहुणा जॉन गॅम्बल याने एप्रिल १८०१ मध्ये इंग्लंडचं पेटंट काढलं होतं. लंडनमधले कागदाचे व्यापारी हेन्री आणि सीली फोरड्रिनियर या बंधूंनी भांडवल घातलं. रोबेरचा आता या यंत्राशी संबंध उरला नाही. पुढे कागदाचा धंदा सोडून त्याने वेर्नुइए गावी लहानशी शाळा काढली आणि शाळामास्तर म्हणूनच १८२८ साली तो वारला.

फ्रान्समध्ये निघालेला कागद चालण्याजोगा होता, पण यंत्र भरवशाचं नव्हतं. भरवसा आणला ब्रायन डॉन्किनने. डार्टफर्डच्या जॉन हॉल या अभियंत्याकडे उमेदवारी केलेला हा तरुण स्वतंत्रपणे हातकागदाचे साचे बनवत असे. माझ्या मते या कथेतला सगळ्यात महत्त्वाचा तपशील हा आहे. जाळीची वीण किती घट्ट हवी, पाणी किती वेगाने गळायला हवं, डेकल कुठे गळतो, हे त्याला बोटांनी माहीत होतं. बर्मंडसीच्या कारखान्यात त्याने यंत्र मुळापासून नव्याने बांधलं आणि १८०३ मध्ये हार्टफर्डशरमधल्या फ्रॉगमोर गिरणीत पहिलं यंत्र चालू झालं. दुसरं पुढच्याच वर्षी जवळच्या टू वॉटर्स गिरणीत.

डॉन्किनने आणि त्याच्या सोबत्यांनी काय केलं? हौदावरच्या प्रत्येक हालचालीला एकेक भाग नेमून दिला. सुट्या चौकटीच्या जागी जाळीच्या दोन्ही कडांना तिच्याबरोबर धावणारे पट्टे आले, त्यांना डेकलचंच नाव मिळालं. साचा उपडा करणाऱ्या दुसऱ्या कारागिराच्या जागी काउच रोल आला. हा रूळ ओल्या कागदातलं पाणी दाबून काढतो आणि त्याला फेल्टवर जाण्याजोगा करतो. फेल्ट तोच राहिला, फक्त त्याचाही पट्टा होऊन तो फिरू लागला. हिसका राहिला तो जाळीच्या आडव्या कंपनात. पहिल्या कारागिराचं मनगट मात्र चारही दिशांना हलत असे आणि यंत्र जाळीला पुढेच ओढतं, त्यामुळे ते पूर्ण कधीच जमलं नाही. वर्तमानपत्र उभं सरळ फाटतं ते त्यामुळेच.

फोरड्रिनियर बंधूंनी यंत्रावर सुमारे ६०,००० पौंड ओतले आणि १८१० मध्ये त्यांचं दिवाळं निघालं. पेटंटाच्या कायद्यातल्या पळवाटा, नक्कल करणारे गिरणीमालक, बुडालेली येणी, सगळं एकदम अंगावर आलं. रशियाचा झार पहिला अलेक्झांडर १८१४ मध्ये इंग्लंडला आला, यंत्र पाहून खूश झाला, दोन यंत्रं मागवली आणि दहा वर्षं दरवर्षी ७०० पौंड द्यायचं कबूल केलं. यंत्रं तिकडे गेली, पैसे आले नाहीत. म्हातारपणी हेन्री स्वतः रशियाला जाऊन दाद मागून आला, तरी हात रिकामेच. अखेर १८४० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने भरपाई म्हणून ७,००० पौंड मंजूर केले. डॉन्किनच्या कारखान्यातून एव्हाना देशोदेशी यंत्रं जात होती. १८५१ पर्यंत त्यांची संख्या २०० च्या घरात गेली.

सुरुवातीला यंत्रातून निघालेला कागद कापून पूर्वीसारखाच माळ्यावर वाळवावा लागे. १८२० मध्ये टॉमस क्रॉम्प्टनने वाफेवर तापवलेल्या सिलिंडरांवरून कागद फिरवून वाळवायची युक्ती काढली आणि लगद्यापासून कोरड्या रिळापर्यंतची साखळी जुळली. पुढच्या काही वर्षांत डँडी रोल आला. जाळीवरच्या ओल्या कागदावर हलकेच फिरणाऱ्या या रुळामुळे यंत्राच्या कागदालाही जलचिन्ह उमटवता येऊ लागलं. हातकागदाचा शेवटचा मानही असा गेला. नोव्हेंबर १८३० मध्ये हाय विकम भागातल्या कागद कामगारांनी गिरण्यांत घुसून यंत्रं फोडली. त्यांना शिक्षा झाल्या. पोटावर पाय आलेल्या माणसांचा हा संताप मला अजिबात परका वाटत नाही.

पेशवे दफ्तरातला मोडी कागद दोन-अडीचशे वर्षांनंतरही चांगला आहे आणि आजोबांच्या वेळची वर्तमानपत्रं हात लावताच तुटतात, याचं खापर पुष्कळदा यंत्रावर फोडलं जातं. ते बरोबर नाही. जुना कागद चिंध्या-तागाचा होता. पुढे आलेला लाकूड दळून केलेला लगदा आणि राळ-तुरटीची खळ, ही त्या तुटण्याची कारणं. जाळीवर चिंध्यांचा लगदा सोडला तर कागद टिकाऊच निघतो.

भारतात सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८२० मध्ये आपल्या कागदाच्या कारखान्यासाठी वाफेचं इंजिन आणलं. पुण्यात डेक्कन पेपर मिल्स कंपनी १८८५ ची, मुळा-मुठेच्या काठी मुंढव्याला. चंद्रपूरच्या जंगलातल्या बांबूवर उभी राहिलेली बल्लारपूरची कंपनी १९४५ ची. गिरणी कुठलीही असो, मशीन हाउसमध्ये शिरलं की रोबेरची जाळी ओळखू येते. हेडबॉक्समधून जाळीवर पडणाऱ्या द्रवात ९९ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, ताकाहूनही पातळ. जाळीचा पहिला भाग आरशासारखा चकाकत असतो. पुढे एका ठिकाणी ही चकाकी एकाएकी संपते आणि पांढरा मंद पृष्ठभाग सुरू होतो. मुरलेला ऑपरेटर मीटरकडे पाहण्याआधी या रेषेकडे पाहतो. ती पुढे सरकली तर पाणी नीट निघत नाही, मागे आली तर ते फार लवकर निघतंय, आणि वाकडी असली तर लगदा एका बाजूला जास्त पडतोय. हौदावरचा कारागीरही साच्यावरची हीच चकाकी पाहून हात थांबवत असे.

आणि कागद तुटतो. तुटला की मशीन थांबत नाही, जाळीवर लगदा येतच राहतो. अशा वेळी पाण्याच्या बारीक धारेने ओल्या कागदाची कडेची अरुंद पट्टी कापतात, ती आधी प्रेसमधून आणि ड्रायरच्या रांगेतून पार करतात, आणि ती पलीकडे पोचली की धार सरकवून हळूहळू पूर्ण रुंदीचा कागद चालू करतात. जाळी झिजते, फेल्ट गच्च होतो, रूळ पुन्हा घासावे लागतात. पूर्वी जाळी फॉस्फर ब्राँझची असे, आता पॉलिएस्टरची, म्हणून ती पुष्कळ जास्त टिकते. ती बदलायची म्हणजे पाळीतल्या सगळ्यांनी लागायचं काम. जाळी विणणारे, फेल्ट बनवणारे, रूळ घासून देणारे असे कितीतरी धंदे या एका यंत्राच्या आधाराने जगतात आणि त्यांच्यावाचून यंत्र आठवडाभरसुद्धा चालणार नाही.

जगभरच्या गिरण्या या यंत्राला फोरड्रिनियर म्हणतात. पैसा फोरड्रिनियर बंधूंनी घातला, दिवाळं त्यांचं निघालं, तेव्हा नावाचा मान त्यांना मिळाला याबद्दल तक्रार नाही. पण कल्पना रोबेरची आणि हात डॉन्किनचा, हे कागद तंत्रज्ञान शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच तासाला सांगायला हवं. आपल्याकडच्या गिरण्यांबद्दल तर याहून कमी लिहिलं गेलं आहे. मुंढव्याला, बल्लारपूरला किंवा दुसऱ्या कुठल्या गिरणीत जाळीवर, प्रेसवर, ड्रायरवर ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली असं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्यांच्याजवळ बसा. मशीन कोणत्या कंपनीची होती, जाळी कशी बदलत, कागद तुटला की कोण धावत असे, हे त्यांना विचारा आणि लिहून ठेवा.