एका कवळीची दंतकथा

जॉर्ज वॉशिंग्टन यांची कवळी लाकडी होती, ही दंतकथा आम्हीही विद्यार्थिदशेत ऐकली होती. वस्तुतः त्यांच्या निरनिराळ्या कवळ्यांत पाणघोड्याचे सुळे, शिसे, धातूच्या स्प्रिंगा आणि माणसांचे दातही होते. १७८९ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांचा स्वतःचा एकच दात शिल्लक होता.

डिसेंबर १७९८ मध्ये त्यांचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी त्यांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. कवळी काळी पडली होती. पोर्ट मद्याच्या आंबटपणाने तिची झिलई जाते. म्हणून जेवणानंतर ती काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी, किंवा ब्रश व खडूच्या बारीक भुकटीने घासावी, असा त्यांचा सल्ला होता.

मे १७८४ च्या हिशेबात मात्र एवढीच नोंद आढळते : ‘निग्रों’ना नऊ दातांबद्दल ६ पौंड २ शिलिंग. ते बहुधा वॉशिंग्टन यांच्याच मळ्यावरील गुलाम असावेत. हेच दात त्यांच्या कवळीत बसले, असे सिद्ध करता येत नाही. परंतु लाकडाची दंतकथा सांगताना ‘माणसांचे दात आले कोठून?’ हा प्रश्नच उरत नाही. कवळीची निगा कशी राखावी, हे कागदपत्रांनी तपशीलवार जपले; दात देणाऱ्यांपैकी एकाचेही नाव त्या नोंदीत नाही.