गरी, कळ आणि सातचा भोंगा

एडवणच्या किनाऱ्यावर आजोबांबरोबर गरी टाकायला बसलो, की उठवत नसे. दर वेळी मासा लागला असता तर मी कंटाळलो असतो. कधीच लागला नसता तर घरी गेलो असतो. कधी लागे, कधी नाही. म्हणून अंधार पडेपर्यंत बसणे होई. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी हेच कबुतरांवर तपासले. दाणा केव्हा मिळेल याचा नेम नसला, की कबुतर चोच मारणे सहजी सोडत नाही.

१९५४ साली कॅनडात ओल्ड्स आणि मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. कळ दाबली, की मेंदूतल्या एका जागी सौम्य वीज पोहोचे. उंदीर कळ दाबतच राहिले. पुढे शुल्ट्झ यांनी माकडांमध्ये पाहिले, की डोपामाइनच्या पेशी अनपेक्षित बक्षिसाला जोरात प्रतिसाद देतात. सवय झाल्यावर तर नुसत्या चाहुलीलाच. फोनची ‘टिंग’ ती हीच चाहूल.

गंमत अशी, की या व्यसनाचे नाव थट्टेतून आले. १९९५ मध्ये न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ गोल्डबर्ग यांनी ‘इंटरनेटचे व्यसन’ हा आजार विनोद म्हणून लिहिला. वाचणाऱ्यांपैकी काहींनी तो आपल्याला असल्याचे कळवले! त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. २०१४ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्सने यासाठी खास उपचार केंद्र सुरू केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेम खेळण्याच्या विकाराला मान्यता दिली, सरसकट इंटरनेटला नाही.

खरा घाला पडतो निर्णयावर. उद्याचा मोठा लाभ सोडून आत्ताचा छोटा उचलण्याकडे अशा माणसांचा कल अधिक दिसतो. कपाळामागचा मेंदूचा भाग हा लगाम धरतो आणि तो विशीनंतरही पक्का होत असतो. व्यसनाने लगाम सैल होतो, की मुळात सैल असलेल्यालाच व्यसन लागते, यावर अभ्यासकांचा वाद आहे.

माझ्या पुतण्याचा प्रवेशपरीक्षेचा अर्ज राहिला. शेवटची तारीख त्याला पाठ होती. “काका, पाच मिनिटांत भरतो म्हणत होतो,” एवढेच तो बोलला. रात्रीचे बारा वाजून गेले होते. वर्ष गेले. मी रागावलो खरा. पण तेव्हा माझ्याही हातात फोनच होता.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एकट्यादुकट्याच्या निग्रहावर भिस्त ठेवली नाही. संध्याकाळी सातला भोंगा वाजवायचा, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, असे गावाने ठरवले. आमच्या घरी भोंगा नाही. साताला आई दिवा लावते, तेव्हा आम्ही दोघे फोन फडताळात ठेवतो. पहिल्या आठवड्यात पुतण्या तीनदा उठून फडताळापाशी गेला. मी चारदा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)